कारखाने आधी, शहर नंतर : पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्याची घडण

पुण्याच्या वायव्येस पवना आणि इंद्रायणी या दोन नद्यांच्या मधल्या पठारावर १९५० च्या सुमारास जी गावे होती, ती मुंबईकडे जाणारा रस्ता, त्याला समांतर धावणारा लोहमार्ग आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या सोयरिकी एवढ्याच धाग्यांनी एकमेकांशी जोडलेली होती. चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीमुळे आणि पेशवाईत भरभराटीस आलेल्या देवस्थानामुळे महत्त्व होते, आणि १८९७ साली प्लेगच्या काळात रँडचा वध करणारे चापेकर बंधू तिथलेच असल्याने स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासातही या गावाचे नाव कोरले गेले होते. बाकीची पिंपरी वाघेरे, आकुर्डी, भोसरी, निगडी ही शेतीवर जगणारी खेडी होती. २०११ च्या जनगणनेत याच गावांच्या जागी सतरा लाखांहून अधिक लोकवस्तीचे शहर नोंदले गेले. एवढे मोठे शहर दोन पिढ्यांत उभे राहते तेव्हा ते आपोआप वाढले असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु पिंपरी-चिंचवडच्या बाबतीत ते खरे नाही. इथे जमीन कोणाकडून घ्यायची, पाणी कुठून आणायचे आणि कर कोणी वसूल करायचा, हे प्रत्येक टप्प्यावर राजकीय सत्तेने ठरवले, आणि शहराचा आकार त्या निर्णयांतून घडला.

या निर्णयांना पाया मिळाला तो मात्र ब्रिटिश काळात. पुणे आणि खंडाळा यांच्यामधील लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला आणि १८६३ मध्ये बोरघाटातील अवघड चढाचे काम पुरे झाल्यावर मुंबई बंदर या पठाराला सलग जोडले गेले. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत टाटांनी खोपोली, भिवपुरी आणि भिरा येथे जलविद्युत केंद्रे उभारली, तर खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना होता आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देहूरोडला लष्कराचे मोठे भांडार उभे राहिले. लष्करी कारखान्यांचे एक देणे सहसा नजरेतून सुटते. मोजमापाची काटेकोर शिस्त, यंत्रावर काम करण्याची सवय आणि महिन्याच्या पगारावर चालणारा संसार या गोष्टी खडकी-दापोडी परिसरातल्या कुटुंबांना खासगी कारखाने येण्याच्या कितीतरी आधी परिचयाच्या झाल्या होत्या.

स्वातंत्र्यानंतरचा पहिला मोठा बदल फाळणीने घडवला. सिंधमधून आलेल्या निर्वासितांसाठी पिंपरीत छावणी उघडली गेली, आणि ‘पिंपरी कॅम्प’ या नावाने ती आजही ओळखली जाते; सर्वस्व मागे टाकून आलेल्या या कुटुंबांनी तिथे दुकाने थाटली, पेढ्या उघडल्या आणि काही वर्षांतच या भागाची मुख्य बाजारपेठ निर्माण केली. दुसरा बदल केंद्र सरकारने घडवला. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी १९५४ साली पिंपरीत स्थापन झाली, तिला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साहाय्य मिळाले, आणि १९५५ मध्ये तिथे पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. औषधनिर्मितीतला हा देशातला पहिला सार्वजनिक उद्योग होता. परदेशातून चढ्या किमतीला येणारे जीवरक्षक औषध देशातच तयार व्हावे या ध्येयातून तो उभा राहिला होता, आणि पठारावरच्या एका खेड्याला नव्या राष्ट्राच्या नकाशावर मानाचे स्थान त्यानेच प्रथम मिळवून दिले. पुढे तो तोट्याच्या गर्तेत गेला, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही.

तरीही एखादा कारखाना येणे आणि औद्योगिक पट्टा तयार होणे यांत मोठे अंतर असते, आणि ते अंतर १ मे १९६० नंतर तुटले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतून जन्मलेल्या राज्यापुढे एक अवघड प्रश्न होता : मुंबई मिळाली होती, परंतु राज्यातला उद्योग जवळजवळ सगळा मुंबईतच एकवटला होता, आणि ज्या ग्रामीण महाराष्ट्राने चळवळीला बळ दिले त्याच्या वाट्याला त्यातले फारच थोडे आले होते. पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारने उद्योग मुंबईबाहेर नेण्याचे धोरण स्वीकारले, त्यासाठी १९६१ मध्ये कायदा केला आणि १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आज सर्वतोमुखी असलेले ‘एमआयडीसी’, स्थापन केले. महामंडळाच्या कामाची पद्धत अशी होती की शेतजमीन सरकारी अधिकाराने संपादित करायची, तिचे भूखंड पाडायचे, रस्ते, वीज व पाणी पुरवायचे आणि मग ते भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने उद्योजकांना द्यायचे. एकेका शेतकऱ्याशी सौदा करण्याचे, सातबाऱ्यावरच्या हिस्सेदारांचे वाद मिटवण्याचे आणि पाण्याची परवानगी मिळवण्याचे सारे ओझे त्यामुळे कारखानदाराच्या डोक्यावरून उतरले. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी हा या पद्धतीचा राज्यातला सर्वांत यशस्वी प्रयोग ठरला, कारण मुंबईशी जोडणारा रस्ता, रेल्वे, वीज, पाणी आणि सपाट जमीन या साऱ्या गोष्टी इथे एकाच ठिकाणी उपलब्ध होत्या.

साठच्या दशकात कारखाने एकामागून एक आले. मुंबईतील गोरेगावला सुरू झालेली बजाज टेम्पो आकुर्डीला आली. स्कूटर आणि रिक्षा बनवण्याचा परवाना १९५९ साली मिळालेल्या बजाज ऑटोने आकुर्डीतच आपला मुख्य कारखाना उभारला. दापोडीत सँडविक आणि चिंचवडमध्ये एसकेएफ या स्वीडिश कंपन्या कापण्याची हत्यारे आणि बेअरिंग बनवू लागल्या, तर कराचीहून आलेल्या छाब्रिया बंधूंची फिनोलेक्स केबल पिंपरीत वाढली. परवान्यांच्या त्या काळात कोणत्या वस्तूचे किती नग बनवायचे हे सरकार ठरवत असे, त्यामुळे मागणी आणि पुरवठा यांच्यात इतकी तफावत पडली की १९७२ मध्ये बाजारात आलेल्या ‘चेतक’ स्कूटरसाठी ग्राहकांना नाव नोंदवून कित्येक वर्षे थांबावे लागे.

या सर्वांत टेल्कोचे, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचे, स्थान वेगळे आहे. १९६६ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात ट्रकच्या आधी यंत्रे बनवणारी यंत्रे तयार होऊ लागली. पुण्यातून पहिले व्यापारी वाहन बाहेर पडायला १९७७ साल उजाडले. टेल्कोचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी ही अकरा वर्षांची तयारी जाणीवपूर्वक स्वीकारली होती, कारण साचे, जिग आणि हत्यारे परदेशातून आणणारा कारखाना कायम परावलंबी राहतो असे त्यांचे मत होते. पिंपरीच्या सुमारे आठशे एकरांच्या उजाड माळावर त्यांनी झाडे लावून घेतली आणि तळे तयार केले, आणि कारखान्यात उमेदवारांच्या प्रशिक्षणाला उत्पादनाइतकेच महत्त्व दिले. त्या प्रशिक्षणातून बाहेर पडलेल्या कुशल कामगारांपैकी अनेकांनी पुढे भोसरीत एखादा गाळा घेऊन, एक लेथ टाकून ‘जॉब वर्क’ सुरू केले, म्हणजे मोठ्या कंपनीने दिलेल्या नकाशाप्रमाणे सुटे भाग बनवून देण्याचे काम पत्करले. या पट्ट्याचे खरे सामर्थ्य अशा हजारो छोट्या कारखान्यांत आहे. बड्या कंपनीचे नाव फलकावर दिसते. परंतु गाडीच्या कोणत्याही भागाचा नमुना काही दिवसांत आणि काही किलोमीटरच्या आत तयार करून मिळणे ही सोय देशात फार थोड्या ठिकाणी आहे.

माणसे आली ती महाराष्ट्राच्या सर्व भागांतून. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा आणि सोलापूर-नगरकडील कुटुंबांना घरदार सोडायला लावले, कोकण आणि साताऱ्याकडील तरुण पूर्वी मुंबईच्या गिरणीची वाट धरत ते आता इथे उतरू लागले, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून फिटर, टर्नर किंवा वेल्डरचे प्रमाणपत्र घेतलेल्या मुलाला ‘कंपनीत लावणे’ हे गावोगावच्या आईबापांचे स्वप्न झाले. ‘पर्मनंट’ झालेल्या कामगाराचे लग्न चटकन जमे. १९७८ मध्ये पुणे-लोणावळा लोकल सुरू झाल्यावर मावळातल्या गावांतूनही रोजची ये-जा सोपी झाली.

एवढी माणसे राहणार कुठे, हा प्रश्न कारखान्यांच्या मागून आला, आणि त्याची उत्तरेही मागूनच शोधली गेली. ४ मार्च १९७० रोजी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या ग्रामपंचायती एकत्र करून नगरपालिका स्थापन झाली, आणि अण्णासाहेब मगर यांनी तिचे नेतृत्व केले. दोनच वर्षांनी, १९७२ मध्ये, पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण अस्तित्वात आले, ज्याचा हेतू कामगारांना परवडतील अशी आखीव वसाहतींतील घरे आणि भूखंड देणे हा होता. निगडी-आकुर्डीच्या बाजूची सरळ रस्त्यांची, क्रमांकित सेक्टरांची वस्ती त्यातूनच उभी राहिली. मात्र त्यासाठी पुन्हा त्याच गावांची जमीन गेली. एमआयडीसीला एक तुकडा आणि प्राधिकरणाला दुसरा दिल्यावर कित्येक कुटुंबांच्या सातबाऱ्यावर काहीच उरले नाही. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याचे धोरण नंतर आले, परंतु १९७२ ते १९८३ या काळात ज्यांची जमीन गेली ते त्यातून वगळले गेले, आणि आपला परतावा मागत त्यांनी अनेक दशके सरकारदरबारी खेटे घातले. ज्यांच्या जमिनीवर शहर वसले त्यांनाच शहराच्या वाढत्या मोलातला वाटा नाकारला गेला, हा या इतिहासातला सर्वांत मोठा अन्याय आहे.

नगरपालिकेची आणि ११ ऑक्टोबर १९८२ पासून महानगरपालिकेची आर्थिक ताकद जकातीत होती. जकात म्हणजे शहराच्या हद्दीत येणाऱ्या मालावर नाक्यावर घेतला जाणारा कर. कारखान्यांत रोज येणारे पोलाद, रबर, रंग आणि सुटे भाग यांवरच्या या करामुळे पिंपरी-चिंचवड देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकांत गणली जाऊ लागली.

जकातीच्या पैशावर शहर घडवण्याचा एक प्रसिद्ध दाखला एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये सापडतो, आणि तो इथे उपयोगी आहे. डिसेंबर १८५१ मध्ये लुई नेपोलियनने सत्ता बळकावली, वर्षभरात तो तिसरा नेपोलियन म्हणून सम्राट झाला, आणि १८५३ ते १८७० या काळात त्याचा प्रशासक ओसमान याने जुन्या पॅरिसच्या गल्ल्या पाडून रुंद रस्ते, भुयारी गटारे, पाणीपुरवठा आणि बागा उभारल्या. या खर्चाचा आणि त्यासाठी काढलेल्या कर्जांचा मोठा आधार जकात हाच होता. १ जानेवारी १८६० रोजी भोवतालची गावे पॅरिसमध्ये सामील केली गेली, तेव्हा जकातीच्या हद्दीबाहेर स्वस्तात चालणारे कारखाने एकाएकी हद्दीच्या आत आले, म्हणून तिथल्या उद्योजकांनी विरोध केला, आणि पुढच्या काळात अवजड उद्योग सँ-दनीसारख्या उपनगरांकडे सरकत गेला. पॅरिसमध्ये शहर आधीपासून होते आणि आधुनिकीकरणाने कारखाना व कामगार दोघांनाही कडेला ढकलले. पिंपरीत कारखाना आधी आला आणि त्याच्या करावर शहर बांधले गेले. २००० नंतरच्या दशकात जुना पुणे-मुंबई रस्ता रुंद करून त्यावर उड्डाणपूल आणि सिग्नलविना वाहतुकीचे मार्ग बांधण्यात आले, तेव्हा पिंपरी-चिंचवडलाही असे ओसमानी दशक लाभले. फरक असा की इथला निर्णय सम्राटाचा नव्हता. तो निवडणुकीत मते मागणाऱ्या पुढाऱ्यांचा होता.

त्या पुढाऱ्यांची घडणही लक्षात घेण्यासारखी आहे. महापालिकेत १९८६ मध्ये पहिली निवडणूक झाली, आणि तेव्हापासून शहरातली सत्ता मुख्यतः मूळ गावकऱ्यांच्या घराण्यांकडे राहिली. लोकसंख्येत बाहेरून आलेल्यांचे बहुमत झाले, परंतु भावकीचे जाळे, उरलेल्या जमिनीतून आलेला पैसा आणि गावकीचा मान यांच्या जोरावर स्थानिकांनी राजकारणावरची पकड सोडली नाही. जमीन गमावलेल्या समाजाने महापालिकेच्या मार्गाने सत्तेत वाटा मिळवला असा याचा अर्थ लावता येतो, आणि तो बहुतांशी योग्य आहे.

कामगारांचे राजकारण याहून वेगळ्या वाटेने गेले, आणि त्याचा निर्णायक क्षण टेल्कोत आला. १९८८ मध्ये राजन नायर या कामगार नेत्याला कंपनीने बडतर्फ केले. तरीही टेल्को कामगार संघटनेतला त्यांचा प्रभाव कमी होण्याऐवजी वाढला. त्याच वर्षाच्या अखेरीस रतन टाटा कंपनीचे अध्यक्ष झाले. व्यवस्थापनाने नायर यांच्याशी वाटाघाटी करण्यास नकार दिला आणि सप्टेंबर १९८९ मध्ये दुसऱ्या एका संघटनेशी वेतनकरार केला, तेव्हा हजारो कामगारांनी पुण्यात शनिवारवाड्यासमोर बेमुदत उपोषण आरंभले. पुण्यातल्या नागरिकांनी कामगारांचे असे सामूहिक उपोषण पूर्वी पाहिले नव्हते. सुमारे दहा दिवसांनी, शरद पवार मुख्यमंत्री असताना, पोलिसांनी एका रात्री उपोषणकर्त्यांना उचलून बसगाड्यांतून नेले, आणि त्यानंतर संप मोडला. मुंबईत दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालील गिरणी संपाची वाताहत होऊन फार वर्षे झाली नव्हती. त्यापाठोपाठ टेल्कोतही हार झाल्यावर उद्योगाचे भवितव्य ठरवण्याच्या चर्चेत संघटित कामगार बरोबरीचा पक्ष राहिला नाही. मालक आणि कामगार यांच्यातल्या झगड्यात राज्यसंस्था कोणाच्या बाजूने उभी राहील याचे उत्तर त्या रात्री मिळाले, आणि १९९१ नंतर आलेल्या गुंतवणूकदारांनी ते नीट वाचले असणार.

१९९१ च्या उदारीकरणाने परवाना पद्धत मोडीत निघाली आणि परदेशी वाहन कंपन्यांना दारे उघडली. मर्सिडीज-बेंझने १९९५ मध्ये टेल्कोच्या पिंपरीतल्या आवारातच गाड्यांची जुळणी सुरू केली. १९९८ मध्ये टेल्कोने ‘इंडिका’ ही देशी बनावटीची मोटार बाजारात आणली, आणि यंत्रे बनवणारी यंत्रे आधी घडवण्याचा मुळगावकरांचा निर्णय किती दूरदृष्टीचा होता हे तीस वर्षांनी सिद्ध झाले. परंतु पिंपरी-चिंचवडमध्ये आता मोकळी जमीन उरली नव्हती. १९९७ मध्ये मोशी, चिखली, तळवडे, चऱ्होली, रावेत, पुनावळे यांसारखी गावे महापालिकेत घेतली गेली, आणि उद्योग इंद्रायणी ओलांडून पुणे-नाशिक रस्त्याने चाकणकडे वळला.

चाकणची जुनी ओळख संग्रामदुर्गाची. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळा यांनी मूठभर शिबंदीनिशी हा भुईकोट शाइस्ताखानाच्या प्रचंड सैन्यापुढे जवळजवळ दोन महिने झुंजवला होता. नंतरच्या काळात चाकण कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध झाले. १९९९ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना इथे सुरू झाला, आणि काही वर्षांत ‘पल्सर’ मोटारसायकल या गावाच्या नावाशी जोडली गेली. ३१ मार्च २००९ रोजी फोक्सवॅगनच्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले, त्याच वर्षी मर्सिडीज पिंपरी सोडून चाकणला आली, आणि पाठोपाठ महिंद्रानेही इथे मोठा वाहन कारखाना उभारला. कुरुळी, निघोजे, म्हाळुंगे, खालुंब्रे, सावरदरी, नाणेकरवाडी या गावांच्या शिवारात एमआयडीसीचे टप्पे एकामागून एक पडत गेले.

याच सुमारास मूळ शहरात उलटा प्रवाह सुरू झाला होता. उत्तराखंडने उद्योगांना करसवलती दिल्या, बजाज ऑटोने २००७ मध्ये तिथे पंतनगरला कारखाना काढला आणि त्याच वर्षी आकुर्डीतले वाहन-उत्पादन थांबवले. जिथे ‘चेतक’ जन्मली तिथली जुळणीची साखळी बंद पडणे हा पिंपरी-चिंचवडला बसलेला धक्का होता, कारण या शहराने आपले भाग्य कारखान्याशी बांधले होते आणि कारखाना जाऊ शकतो ही शक्यता आखणीत कुठे धरलेलीच नव्हती.

शहराचा पाण्याचा आणि घराचा प्रश्नही याच सुमारास चिघळला. पवना धरणातून बंद जलवाहिनीने पाणी आणण्याच्या महापालिकेच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला, कारण नदीपात्रातून येणाऱ्या पाण्यावर काठची शेती जगत होती. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती महामार्गावर झालेल्या आंदोलनात पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन आंदोलक ठार झाले. तिकडे शहरात, प्राधिकरणाची घरे अपुरी पडल्याने, कामगारांनी शेतकऱ्यांकडून एक-दोन गुंठे विकत घेऊन परवानगीविना बांधलेल्या घरांची संख्या हजारोंच्या घरात गेली होती. आयुक्त श्रीकर परदेशी यांच्या काळात, म्हणजे २०१२ ते २०१४ या वर्षांत, ही बांधकामे पाडण्याची मोहीम निघाली आणि शहराचे राजकारण ढवळून निघाले. कायदा पाळला गेला पाहिजे हे खरे. परंतु ज्या सरकारने कारखान्यांसाठी वेळेवर जमीन मिळवली, त्याने कामगारांच्या घरांसाठी ती वेळेवर मिळवली नाही, हेही तितकेच खरे आहे.

१ एप्रिल २०१३ रोजी जकात बंद झाली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर थोडा काळ टिकला, आणि जुलै २०१७ मध्ये वस्तू आणि सेवा कर लागू झाल्यावर महापालिका राज्याकडून मिळणाऱ्या भरपाईवर अवलंबून राहिली. कारखान्यात शिरणारा प्रत्येक ट्रक शहराच्या तिजोरीत काही टाकून जाई, ते नाते संपले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, पंधरा वर्षे सत्तेत असलेल्या राष्ट्रवादी काँग्रेसचा पराभव करून भारतीय जनता पक्षाने १२८ पैकी ७७ जागा जिंकल्या. विजयी झालेल्यांत पूर्वी राष्ट्रवादीत असलेले स्थानिक पुढारी बरेच होते, त्यामुळे पक्ष बदलला तरी सत्तेचे सामाजिक मूळ फारसे हलले नाही.

चाकणला जकातीचे युग लाभलेच नाही. पिंपरीत कारखान्यांच्या पाठोपाठ आठ-दहा वर्षांत नगरपालिका आणि नियोजन संस्था आल्या होत्या. चाकणला जगातल्या बड्या कंपन्या आल्या तेव्हा तिथे ग्रामपंचायतच होती, आणि नगर परिषद २०१५ च्या सुमारास अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत चाकणची लोकसंख्या सुमारे ४१ हजार नोंदली गेली, परंतु आसपासच्या गावांत भाड्याच्या खोल्यांत राहणारे कंत्राटी कामगार त्या आकड्यात फारसे दिसत नाहीत. मराठवाडा-विदर्भातून आणि आता बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेल्या या तरुणांना ‘पर्मनंट’ होण्याची आशा पूर्वीइतकी उरलेली नाही. चाकणच्या बजाज कारखान्यात २०१३ मध्ये कामगारांनी जवळजवळ पन्नास दिवस काम बंद ठेवले होते, आणि कंपनीचे समभाग एक रुपया दराने मिळावेत ही त्यांची मागणी देशभर चर्चेचा विषय झाली होती. ज्या कामगाराला कारखान्याच्या मालकीत वाटा मागावासा वाटला, त्याने आपल्या वडिलांच्या पिढीपेक्षा मोठा प्रश्न विचारला होता. संप मात्र ती मागणी मान्य न होताच संपला. ३० जुलै २०१८ रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलनात चाकणला वाहनांची जाळपोळ झाली, तेव्हा जमीन गेलेली, नोकरी न मिळालेली आणि मनासारखे शिक्षण परवडत नसलेली तरुणाई या औद्योगिक वैभवाच्या अगदी लगत उभी आहे हे सर्वांना दिसले.

खेड तालुक्यातल्या भामा आसखेड धरणाचे पाणी पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महानगरांसाठी राखले गेले आहे, आणि धरणग्रस्त शेतकऱ्यांनी आधी पुनर्वसन पुरे करा म्हणून वारंवार आंदोलने केली आहेत. तळेगाव-चाकण-शिक्रापूर आणि पुणे-नाशिक हे दोन रस्ते जिथे मिळतात तिथे कंटेनरच्या रांगा तासन्‌तास खोळंबतात, तर कचरा, सांडपाणी आणि रस्ते यांची जबाबदारी एमआयडीसी, नगर परिषद, कित्येक ग्रामपंचायती आणि महानगर प्रदेश विकास प्राधिकरण यांच्यात विभागलेली आहे. १९७० मध्ये चार ग्रामपंचायती एकत्र करून जे केले गेले तसे काही चाकण परिसरासाठी करावे, स्वतंत्र महापालिका द्यावी, अशी मागणी जोर धरते आहे. तसे झाले तर नव्या महापालिकेला जकातीविना आपला खर्च भागवावा लागेल, आणि तिच्या हद्दीत येणाऱ्या शेतकऱ्याला जमिनीचा परतावा पहिल्याच दिवशी लेखी हवा असेल.